जुनी मोटार आणि नवे ब्रेक

मोटारगाडीच्या गुणांचा विचार करताना सामान्य माणसाचे लक्ष प्रथम तिच्या वेगाकडे जाते. इंजिन किती शक्तीचे आहे, गाडी तासाला किती किलोमीटर धावते, हे प्रश्न शाळकरी मुलेही विचारतात. ती किती अंतरात थांबते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक पाहता वाहनाचा उपयोगी वेग त्याच्या इंजिनावर जितका अवलंबून असतो तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या ब्रेकांवर अवलंबून असतो. जी गाडी वेळेवर थांबविता येत नाही ती वेगाने चालविण्यात काहीच अर्थ नाही.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारी आस्थेने जतन करणारे लोक जगाच्या सर्व भागांत आहेत. गाडीचा रंग, आसने, दिवे, पितळी अक्षरे यांवर ते पुष्कळ श्रम आणि पैसा खर्च करतात. परंतु अशी गाडी रस्त्यावर आली की तिच्यापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहतो. ती ज्या काळी तयार झाली त्या काळी तिच्या पुढे-मागे धावणाऱ्या गाड्यांचे ब्रेकही साधारणपणे तिच्यासारखेच होते. आज तिच्या पुढे असलेल्या गाडीला चकतीचे ब्रेक आणि रुंद रेडियल टायर असतात. शिवाय चाके जखडून घसरू नयेत म्हणून विद्युत्-नियंत्रित व्यवस्था असते. भारतात २०१९ सालच्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारगाड्यांना ही व्यवस्था सक्तीची झाली आहे. अशी गाडी एकाएकी थांबली आणि मागच्या जुन्या गाडीला तितक्याच अंतरात थांबता आले नाही, तर दोन्ही गाड्यांतील माणसांच्या जिवाला धोका उत्पन्न होतो.

म्हणून अनेक मालक जुन्या गाडीला नवे ब्रेक आणि नवी स्प्रिंग-यंत्रणा बसविण्याचा विचार करतात. हे काम वरवर पाहता सोपे वाटते : जुना भाग काढावा आणि नवा, अधिक बळकट भाग त्याच्या जागी बसवावा. परंतु ब्रेक, स्प्रिंगा, टायर आणि गाडीचा सांगाडा हे एकाच साखळीचे दुवे आहेत. एक दुवा बळकट केला की ताण नाहीसा होत नाही. तो पुढच्या दुव्यावर जाऊन पडतो. हे तत्त्व नीट समजून न घेता केलेली सुधारणा गाडीला पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक करू शकते. ते कसे, हे एका प्रसिद्ध गाडीच्या उदाहरणाने येथे पाहावयाचे आहे.

मॉरिस मायनर

१९४८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनमधील अर्ल्स कोर्ट येथे भरलेल्या मोटार-प्रदर्शनात मॉरिस मायनर ही छोटी गाडी प्रथम लोकांपुढे आली. तिचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस. पहिला नमुना तयार झाल्यावर तो फार अरुंद दिसतो असे इसिगोनिसला वाटले. त्याने तो लांबीच्या दिशेने मधोमध कापविला, दोन अर्ध एकमेकांपासून हळूहळू दूर सरकविले, आणि ४ इंच रुंदी वाढविल्यावर त्याचे समाधान झाले. ही वाढ गाडीच्या रूपाला जशी पोषक ठरली, तशीच तिच्या स्थैर्यालाही ठरली. पुढे दहा लाखांवर खप झालेली पहिली ब्रिटिश मोटार म्हणून ती प्रसिद्धीस आली, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबेपर्यंत ती सोळा लाखांहून अधिक संख्येने तयार झाली.

भारतीय वाचकाला ही गाडी अगदीच परकी नाही. हिंदुस्थान मोटर्स या कंपनीने ती 'बेबी हिंदुस्थान' या नावाने आपल्या देशात आणली होती. तिच्याच घराण्यातील मॉरिस ऑक्सफर्ड या मोठ्या गाडीवरून 'ॲम्बॅसॅडर' जन्मास आली आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ सालापर्यंत तयार होत राहिली. मायनरच्या पुढच्या चाकांना आधार देणारी पीळदांड्यांची रचना ॲम्बॅसॅडरमध्येही होती. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ सालापर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली 'प्रीमियर पद्मिनी' ही इटालियन वंशाची. तरी तिचीही मूळ रचना १९५०च्या दशकातील, आणि तिच्याही चारही चाकांना ड्रमचेच ब्रेक. तेव्हा मायनरविषयी जे येथे सांगितले जाईल त्यातील बराच भाग या गाड्यांनाही लागू आहे.

मूळ मायनरचे इंजिन ९१८ घन सेंटिमीटरचे होते आणि तिचा परमवेग तासाला सुमारे १०० किलोमीटर होता. १९६२ साली तिला १,०९८ घन सेंटिमीटरचे अधिक शक्तिमान इंजिन देण्यात आले. त्याच वेळी उत्पादकांनी पुढच्या ब्रेक-ड्रमांचा व्यास ७ इंचांवरून ८ इंच केला. ब्रेकचा जोर चाकाच्या मध्यापासून जितक्या अंतरावर लागतो तितका त्याचा परिणाम अधिक होतो. तेव्हा केवळ एका इंचाच्या वाढीने हा परिणाम सुमारे १४ टक्क्यांनी वाढला. वेग वाढविताना थांबण्याची सोयही त्याच प्रमाणात वाढवावी, हा नियम उत्पादकांनी स्वतःच घालून दिला. पुढे खासगी कारखान्यांतून अनेकांनी मायनरला आणखी मोठी इंजिने बसविली, परंतु हा नियम सर्वांनीच पाळला असे नाही.

गाडी थांबते म्हणजे काय होते

धावत्या गाडीत गतिज ऊर्जा साठविलेली असते. ही ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. माणसांसह ९०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात सुमारे ८७ किलोजूल ऊर्जा असते. तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जाऊ लागली की ही ऊर्जा सुमारे ३४७ किलोजूल होते.

ऊर्जा नष्ट करता येत नाही. ब्रेक दाबले असता ती घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होते. ३४७ किलोजूल म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून असे सांगता येईल की एक लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीला आणण्यास जवळजवळ तितकीच उष्णता लागते. चुलीवर ज्या कामाला काही मिनिटे लागतात ते ब्रेकांना चार-पाच सेकंदांत करावे लागते. चारही ड्रम मिळून २० किलोग्रॅम बिडाचे आहेत आणि सर्व उष्णता त्यांनीच शोषली असे मानले, तर अशा एका थांबण्याने त्यांचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सियसने वाढेल. ते निवण्यास वेळ न देता लागोपाठ दहा वेळा असे थांबावे लागले तर काय होईल, हे वाचकाने स्वतःच गणित करून पाहावे.

घाट उतरताना याहून बिकट प्रसंग येतो. हीच गाडी ५०० मीटर उंची उतरून खाली आली तर सुमारे ४,४०० किलोजूल ऊर्जा मोकळी होते. ताशी १०० किलोमीटर वेगापासून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. ती सर्व ब्रेकांवर न टाकता गाडी खालच्या गियरमध्ये ठेवून इंजिनाकडून तिचा वेग आवरावा, असा नियम जुने चालक नवशिक्यांना घालून देतात, त्याचे कारण हेच.

आता थांबण्याच्या अंतराचा विचार करू. टायर आणि कोरडा रस्ता यांमधील घर्षणगुणांक ०.७ मानला, तर ताशी ५० किलोमीटर वेगापासून पूर्ण थांबण्यास सुमारे १४ मीटर, आणि ताशी १०० किलोमीटर वेगापासून सुमारे ५६ मीटर अंतर लागते. चालकाला धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या सेकंदात गाडी अनुक्रमे १४ आणि २८ मीटर पुढे गेलेली असते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या हिशेबात ब्रेकांचा प्रकार कोठेही आलेला नाही. चाके जखडण्याइतका जोर ब्रेकांनी लावला की त्यापुढे अंतिम सत्ता टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाची असते. मग नव्या ब्रेकांचा लाभ कोणता? तो असा की थकल्यावाचून, तापल्यावाचून आणि चारही चाकांवर योग्य प्रमाणात तो जोर पुनःपुन्हा लावता येतो.

ड्रम आणि चकती

मायनरच्या ब्रेकांत चाकाबरोबर फिरणारा बिडाचा पोकळ ड्रम असतो आणि त्याच्या आत अर्धवर्तुळाकार शू असतात. पेडल दाबले की शू बाहेर ढकलले जातात आणि त्यांवरील लायनर ड्रमच्या आतील पृष्ठभागावर घासतात. या रचनेत एक चतुराई आहे. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला तोंड करून बसविलेला शू घर्षणामुळे आपोआपच ड्रममध्ये अधिक रुतत जातो, आणि चालकाच्या पायाला साहाय्य मिळते. मायनरच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू या प्रकारचे आहेत.

परंतु हा गुणच अडचणीच्या वेळी दोष ठरतो. लायनर तापून त्याचे घर्षण थोडे कमी झाले की शूचे रुतणेही कमी होते, आणि एकूण परिणाम अपेक्षेपेक्षा फार वेगाने घटतो. शिवाय उष्णतेने ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. त्यामुळे पेडल अधिक खोल दाबावे लागते. ड्रम बंद असल्याने उष्णता आतच कोंडते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तर ते पाणीही ड्रमच्या आत शिरते, आणि लायनर वाळेपर्यंत ब्रेक जवळजवळ निकामी होतात.

चकतीच्या ब्रेकात हे दोष नसतात. चाकाबरोबर एक उघडी चकती फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमट्याप्रमाणे पकडतात. चकतीला हवा लागते. पाणी फेकले जाते. ती तापून जाड झाली तर पॅडांपासून दूर न जाता त्यांच्याकडेच सरकते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. परंतु तिचे सामर्थ्य लोकांना पटले ते १९५३ साली, जेव्हा फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत चकतीचे ब्रेक असलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली. १९५५ साली सिट्रॉएन कंपनीच्या डी.एस. या गाडीच्या पुढच्या चाकांना असे ब्रेक देण्यात आले.

चकतीला मात्र शूसारखे आपोआप रुतण्याचे साहाय्य नाही. त्यामुळे त्याच परिणामासाठी द्रवाचा दाब अधिक लागतो. येथे पास्कलच्या नियमाचा विचार करावा लागतो. चालकाने २० किलोग्रॅम भाराइतका जोर पेडलवर लावला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोग्रॅम भार येतो. दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर असेल तर द्रवाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ किलोग्रॅम होतो. व्यास २५ मिलिमीटर केला तर हाच दाब सुमारे २० किलोग्रॅमवर येतो. मोठा सिलिंडर बसविला म्हणजे ब्रेक अधिक जोरदार होतील, ही समजूत किती चुकीची आहे हे यावरून दिसून येईल. मोठ्या सिलिंडरने द्रव अधिक ढकलला जातो आणि पेडल कमी खाली जाते. परंतु दाब घटतो आणि पेडल कठीण होते. चकतीच्या ब्रेकांतील मोठ्या दट्ट्यांना द्रवही अधिक लागतो आणि दाबही अधिक लागतो. म्हणून अशा वेळी इंजिनाच्या निर्वातावर चालणारे साहाय्यक यंत्र बहुधा जोडावे लागते. ते जोडल्यावर उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय चालकाने कायमची टाकली पाहिजे. कारण इंजिन बंद पडले की ते साहाय्यही थोड्याच वेळात संपते.

द्रवाची एकच वाट

मूळ मायनरमध्ये मास्टर सिलिंडर एकच आहे, आणि तो चालकाच्या पायाखालच्या सांगाड्यात बसविलेला आहे. त्यापासून चारही चाकांकडे जाणारी द्रवाची वाट एकच आहे. एका चाकाकडील नळी फुटली किंवा एका सिलिंडरचे रबर फाटले, तर सर्व द्रव तेथून बाहेर पडतो आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मग चालकाच्या हाती केवळ हँडब्रेक राहतो. तो तारेने चालतो आणि मागच्या दोन चाकांवरच काम करतो.

जुन्या गाड्यांतील हा सर्वांत गंभीर धोका होय. पुढील काळात द्रवाच्या दोन स्वतंत्र वाटा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. एक वाट निकामी झाली तरी दुसरीने गाडी थांबते. जुन्या गाडीत सुधारणा करावयाची असेल तर चकत्यांच्याही आधी या बदलाचा विचार करणे इष्ट आहे. त्याने गाडी कमी अंतरात थांबणार नाही, परंतु मुळीच न थांबण्याचा प्रसंग टळेल.

ब्रेकच्या द्रवाकडेही मालकांचे दुर्लक्ष होते. ग्लायकॉलपासून बनविलेला हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ४ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १५५ अंश धरली आहे. तापलेल्या ब्रेकांत असा जुना द्रव उकळला की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल थेट खाली जाते आणि चाकांपर्यंत काहीच पोहोचत नाही. भारी किमतीच्या चकत्या बसवून त्यांत अनेक वर्षांचा द्रव ठेवणे म्हणजे नव्या दाराला गंजलेले कुलूप लावणे होय.

आणखी एक बारकावा येथे नोंदविला पाहिजे. ड्रमच्या ब्रेकांसाठी बनविलेल्या मास्टर सिलिंडरात एक झडप असते. ती पेडल सोडल्यावरही नळ्यांत थोडा दाब शिल्लक ठेवते. ड्रममधील स्प्रिंगा शूंना मागे ओढत असल्याने या दाबाने काही बिघडत नाही. चकतीच्या ब्रेकांत अशा स्प्रिंगा नसतात. तेथे हा शिल्लक दाब पॅडांना सतत घासत ठेवतो आणि चकती विनाकारण तापते. एक भाग बदलला असता त्याच्याशी निगडित असलेला दुसरा भाग कसा आड येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

चाक जमिनीवर ठेवणारे भाग

ब्रेक चाकाला थांबवितात. गाडीला थांबवितो तो रस्ता. ज्या क्षणी चाक रस्त्यावरून उचलले जाते त्या क्षणी उत्तम ब्रेकही व्यर्थ ठरतो. चाकाला रस्त्याशी जखडून ठेवण्याचे काम स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्याकडे असते. या सर्व रचनेला कारागीर सस्पेन्शन म्हणतात.

मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकाला एक पोलादी पीळदांडा आधार देतो. हा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने जमिनीखाली बसविलेला असतो. त्याचे मागचे टोक सांगाड्यात पक्के असते आणि पुढचे टोक चाकाच्या खालच्या बाहूला जोडलेले असते. चाक वर उचलले की दांड्याला पीळ पडतो आणि तो चाकाला पुन्हा खाली ढकलतो. अशा दांड्याचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढविला तर ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दांडा थोडासा जाड घ्यावा, असे म्हणणाऱ्याने हे गणित आधी मांडून पाहावे.

ताठर स्प्रिंगांनी गाडी वळणावर कमी कलते, हे खरे. परंतु आपल्या भाराने स्प्रिंग १६० मिलिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला सुमारे सव्वा वेळा हेलकावते, आणि हा ताल मनुष्याच्या शरीराला सोसवतो. स्प्रिंग दुप्पट ताठर केली की ही संख्या पावणेदोनच्या पुढे जाते. प्रवास तर खडतर होतोच. शिवाय खडबडीत रस्त्यावर चाक खड्ड्याचा आकार अनुसरण्याऐवजी त्यावरून उडू लागते. गुळगुळीत शर्यतीच्या मार्गावर जे शोभते ते खड्डे आणि गतिरोधक यांनी भरलेल्या रस्त्यावर घातक ठरते.

'शॉक ॲब्सॉर्बर' या शब्दाने थोडा गैरसमज होतो. धक्का सोसते ती स्प्रिंग. त्या धक्क्यानंतर सुरू होणारी दोलने शांत करणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम असते. मायनरमध्ये ते जुन्या, तरफेच्या प्रकारचे आहेत. एका लहान पेटीत तेल आणि दट्ट्या असतो आणि बाहेरील बाहू तो दट्ट्या हलवितो. तेल थोडे असल्याने ते लवकर तापते व फेसाळते. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या नव्या प्रकारात तेल अधिक आणि दट्ट्याची चाल लांब असते. जुन्या गाडीत करण्याजोग्या सुधारणांपैकी ही अत्यंत उपयुक्त सुधारणा होय.

तथापि मायनरच्या पुढच्या बाजूस शॉक ॲब्सॉर्बरचा बाहू हाच चाकाला वरून धरणारा दुवा आहे. तो काढून टाकला तर चाकाला वरून आधारच उरत नाही. शिवाय नव्या शॉक ॲब्सॉर्बरचे वरचे टोक जेथे बांधावयाचे तेथील पत्रा असा भार सोसण्यासाठी बनविलेलाच नसतो. तेथे योग्य बळकटी दिली नाही तर काही महिन्यांतच त्याला तडे जातात. मागच्या बाजूस ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसविलेला आहे. तेथे ब्रेकांचा किंवा इंजिनाचा जोर फार वाढविला तर पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात आणि ॲक्सल थडथडू लागतो. हे टाळण्यासाठी ॲक्सलला धरून ठेवणारे जादा दांडे लावावे लागतात. येथेही साखळीचा नियम पुन्हा प्रत्ययास येतो.

पुढे आणि मागे यांचा समतोल

ब्रेक दाबले की गाडी पुढे झुकते, हे प्रत्येक प्रवाशाने अनुभविले आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून वर असल्याने मंदन होताना भाराचा काही भाग मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. मायनरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २.१८ मीटर आहे. ९०० किलोग्रॅम भारापैकी ५५ टक्के पुढे आहे आणि गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटिमीटर आहे असे मानू. घर्षणगुणांक ०.७ असताना पूर्ण जोराने ब्रेक लावले, तर पुढचा भार ४९५ किलोग्रॅमवरून सुमारे ६५४ किलोग्रॅम होतो आणि मागचा ४०५वरून सुमारे २४६ वर येतो. म्हणून पुढचे ब्रेक मागच्यांहून पुष्कळ जोरदार असावे लागतात.

हे प्रमाण बिघडले तर काय होते? जखडलेले चाक घसरते, आणि घसरणारे चाक बाजूला सरकण्यास विरोध करू शकत नाही. पुढची चाके आधी जखडली तर गाडी सरळ रेषेत पुढे जाते. ती वळविता येत नाही, परंतु फिरतही नाही. मागची चाके आधी जखडली तर मागचा भाग पुढच्या भागाला ओलांडून जाऊ पाहतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मागे मोठे ब्रेक बसविण्याचा मोह या कारणाने सर्वांत धोक्याचा असतो. उलट पुढे भलतेच जोरदार ब्रेक लावून मागचे तसेच ठेवले तर मागच्या टायरांची पकड उपयोगात येत नाही, आणि थांबण्याचे अंतर अपेक्षेइतके घटत नाही.

टायरांचाही येथेच विचार करावा. मूळ मायनरला अरुंद, तिरप्या थरांचे टायर होते. रेडियल टायरांची पकड अधिक असते; परंतु पुढे रेडियल आणि मागे जुने तिरप्या थरांचे टायर लावल्यास मागची पकड आधी सुटते. ब्रिटनमध्ये अशा मिश्रणाला कायद्यानेच बंदी आहे. चारही टायर एकाच प्रकारचे असणे ही ब्रेक-सुधारणेची पहिली पायरी होय, आणि तिला खर्चही तुलनेने कमी येतो.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

मायनरच्या पुढच्या चाकाच्या खालच्या टोकाला आट्यांवर फिरणारा एक सांधा असतो. त्याला वेळोवेळी ग्रीस न मिळाल्यास आटे झिजतात, आणि एक दिवस सांधा सुटून चाक गाडीखाली मुडपते. मागच्या पाट्यांचे आधार आणि जमिनीखालचे आडवे पत्रे हे गंजण्याचे नेहमीचे ठिकाण. ज्या गाडीच्या या जागा दुबळ्या आहेत तिला जोरदार ब्रेक बसविणे म्हणजे दुबळ्या जागेवर अधिक भार टाकणे होय. म्हणून तपासणी प्रथम, दुरुस्ती नंतर, आणि सुधारणा सर्वांत शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये.

जुने ड्रम उघडताना कारागिराने स्वतःलाही जपले पाहिजे. त्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन अनेक वर्षांनी कर्करोगासारखे गंभीर आजार उत्पन्न करतात. ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवून लावण्याची जुनी सवय म्हणूनच सोडली पाहिजे. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी आणि ते फडके बंद पिशवीत टाकावे.

जतन आणि सुरक्षितता

गाडी मूळ स्वरूपात ठेवावी की सुरक्षिततेसाठी बदलावी, हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. मूळ ब्रेक आणि स्प्रिंगा हा त्या काळच्या तंत्रविद्येचा पुरावा असतो. तो एकदा फेकून दिला की परत मिळत नाही.

निरनिराळ्या देशांच्या नियमांतही हा विचार दिसतो. ब्रिटनमध्ये २०१८ सालापासून चाळीस वर्षांवरील गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, मात्र त्यांत मूलभूत बदल झालेला नसावा. असे असले तरी ॲक्सल आणि चालन-यंत्रणेत सुरक्षितता वाढविण्यासाठी केलेला बदल तेथे मूलभूत समजला जात नाही. भारतात १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळे होईल असे बदल करण्यावर निर्बंध आहेत. पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीसाठी २०२१ साली केलेल्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिचा सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. म्हणून मालकाने हत्यार हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक आहे.

या वादातून निघणारा एक मध्यम मार्ग अनुभवी लोक अनुसरतात. सांगाडा कापावा किंवा जाळावा लागणार नाही, मूळ भोकांतच बसेल आणि पुढे काढूनही टाकता येईल, असाच बदल ते निवडतात; काढलेले मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवतात. पुष्कळ प्रसंगी तर नवा भाग लागतच नाही. नवे लायनर, गोल घासून घेतलेले ड्रम, नव्या नळ्या, ताजा द्रव, चांगले टायर आणि नीट भरलेले शॉक ॲब्सॉर्बर एवढ्यानेच साठ वर्षांची गाडी तिच्या रचनाकाराने योजल्याप्रमाणे थांबू लागते. ती आधुनिक गाडीसारखी थांबणार नाही, हे चालकाने जाणावे, आणि पुढील वाहनापासून तितके अधिक अंतर राखावे. त्या जादा अंतराला काही खर्च येत नाही, आणि ते राखण्यास कोणताही कायदा आड येत नाही.